उजव्या मनगटाचे माप

सकाळी सव्वासहाला डॉक्टरीणबाईंनी दूध तापवले, डबा भरला आणि नवऱ्याच्या हातून साखरेची बरणी काढून घेतली. दोन मिनिटे झटापट करूनही त्याला झाकण उघडत नव्हते. त्यांनी ते एका हिसक्यात फिरवले.

“हात आहेत की पाना?”

“हाताला कसलं श्रेय देतोस?” कोपराखाली बोट ठेवून त्या म्हणाल्या. “राबतात ते इथले स्नायू. बोटांपर्यंत नुसत्या दोऱ्या जातात.”

अशीच एक दोरी, म्हणजे कंडरा, तुटल्यामुळे नऊ वाजता एक शिंपी त्यांच्या ऑपरेशनच्या टेबलावर होता. महिन्यापूर्वी कात्री निसटली तेव्हापासून त्याच्या उजव्या अंगठ्याचे पेर वाकत नव्हते. तुटलेल्या टोकांमधले अंतर भरायला मनगटातली एक बारीक, फारशा कामाची नसलेली कंडरा काढायची होती. काहींना ती जन्मतःच नसते. म्हणून अंगठा करंगळीला टेकवून मनगट वाकवायला सांगतात. असली तर ती कातडीखाली ताठ उभी राहते. तपासणीच्या कागदावर बाईंच्या ज्युनिअर डॉक्टरने ‘आहे’ लिहिले होते. खाली बाईंची सही होती.

शिंपी जागा होता, हात तेवढा बधिर. बाईंनी मनगट चाचपले. पुन्हा चाचपले.

“कुठला हात तपासलात?”

“डावा,” ज्युनिअरचा चेहरा उतरला. “उजव्याला पट्टी होती.” मग हळूच, “जरा खोल शोधू या ना, मॅडम. असेल.”

तिथे खोलात काय असते, ते बाईंना पाठ होते. तशीच पांढरट दिसणारी, तळव्याला स्पर्श देणारी मज्जातंतूची दोरी. डाव्या हातातली कंडरा घेता आली असती; पण डाव्याबद्दल शिंप्याला कुणी विचारलेच नव्हते, आणि टेबलावर निजलेल्या, घाबरलेल्या माणसाचा होकार त्यांना होकार वाटत नव्हता.

“काय झालं, बाई? कापड कमी पडलं?” पडद्याआडून शिंप्याने विचारले.

“माप डाव्याचं घेतलं आणि बेतायला उजवा घेतला.”

तो हसला नाही. “असं आमच्यात नवशिके करतात.”

“सही माझी आहे.”



“अंगठा चालेल ना पुढं?”

“आज अंदाजाने हात कापला नाही, तर चालायची आशा आहे. उद्या दोन्ही हात मी स्वतः तपासते. मग तुम्ही सांगाल तसं.”

त्यांनी सुरी ट्रेमध्ये ठेवली आणि पट्टी स्वतः बांधली. कागदावरचे ‘आहे’ खोडून ‘उजवा तपासला नाही’ असे लिहिले, खाली सही केली.

“बाहेर त्यांची बायको बसलीय, मी सांगतो,” ज्युनिअर म्हणाला.

“नको,” म्हणत बाईंनी हातमोजे काढले आणि दार ढकलले.