डोमाजीचा धर्म

एकसष्टची खानेसुमारी मास्तरायच्या गळ्यात पडली, अन् बाभुळगावाजवळच्या आमच्या खेड्यात ती माह्या. साहेबानं बजावलं होतं, माणूस सांगन तोच धर्म लिहाचा, आपली अक्कल चालवाची नाई. अन् म्या शहाण्यानं नेमकी तीच चालवली.

डोमाजी मजुरीवाला. छप्पन साली नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आलता. त्याची जया माह्या वर्गात, सातवीत, लय हुशार पोरगी. फी माफ होती म्हणून शिकून राह्यली होती. धर्म बदलला का फी-माफी गेली, असं म्या कुठंतरी आयकलं होतं. कोणाले इचाराची तसदी घेतली नाई.

बाकीच्या घरायचे लोक कामं करता करता उत्तरं देत. डोमाजी मात्र धुतलेलं धोतर नेसून बसला होता. त्याच्या बायकोनं, कांताबाईनं, माह्यासाठी सतरंजी टाकली होती. जया मामाच्या गावाले, नेरले गेलती. धर्म इचारला तं डोमाजी उठून उभा राह्यला अन् म्हणाला, "बौद्ध."

म्या हिंदू लिहिलं.

त्याले अक्षरओळख नव्हती. वाचून दाखवा म्हणाला. म्या बौद्ध वाचलं. जीभ अडखळली बी नाई माही, सांगाले लाज वाटते. मार्चात फेरतपासणीले गेलो, तवा खोडता आलं असतं. जया तवा बी घरी नव्हती; त्यानं पुन्हा वाचाले लावलं. म्या पुन्हा तेच खोटं वाचलं, वर त्याच्या घरचा चहा पिऊन आलो.

पुढच्या साली फी-माफीचा इषय निघाला तवा तालुक्याच्या कारकुनानं मले येड्यात काढलं. बौद्ध झाले तरी आपल्या राज्यात फी-माफी राहते, हे कवाचंच ठरलं होतं म्हणे.

तसाच डोमाजीकडे गेलो. तो अंगणात अंबाडीची दोरी वळत होता. सारं सांगून टाकलं. वाटलं, शिव्या देईन. दिल्या असत्या तं बरं झालं असतं.

"तुमच्या पोटात पाप नव्हतं, मास्तर," तो म्हणाला. मले जरा हायसं वाटलं. त्यानं दोरी खाली ठेवली.

"आमी कोन, हे जनमभर लोकायनंच सांगतलं आमाले. पयल्यांदा सरकारनं मले इचारलं. तुमाले तुमच्याच मनचं लिहाचं होतं, तं इचारलं कायले?"

कागद कवाचेच वर गेलते.