वायरींचे कपडे

माझ्या भावाचं सायकल दुरुस्तीचं दुकान आणि माझं शिवणकामाचं दुकान यांच्यामध्ये एकच दार आहे, आणि ते कधीच बंद नसतं. त्याच्या ग्रीसचे डाग माझ्या कापडावर आणि माझी बडबड त्याच्या डोक्यावर, असा आमचा वीस वर्षांचा शेजार. शनिवारी दुपारी त्याच दारातून भिंगरी आत आली, हेल्मेट माझ्या टेबलावर आपटलं आणि म्हणाली, "आत्या, आजही मी ब्रेक दाबला."

भिंगरी म्हणजे माझी भाची. रांगायला लागली तेव्हापासून एका जागी ठरली नाही, म्हणून मीच ठेवलेलं नाव. चढावर आणि सपाटीवर सायकल शर्यतीत तिला गाठणारी मुलगी आमच्या भागात नाही. हे मी आत्या आहे म्हणून सांगत नाही, तिचे प्रशिक्षकही तेच म्हणतात. घोडं अडतं ते उतारावर. गेल्या वर्षी शर्यतीत उतारावरून येताना पुढच्या चाकातून खडखड यायला लागली, तिने दुर्लक्ष केलं आणि वळणावर चाक निसटलं. खांद्याचं हाड तीन महिन्यांत जुळलं. पण तेव्हापासून सायकलीत काही खडखडलं, की तिचा हात तिला न विचारता ब्रेकवर जातो. ते चाक बसवलं होतं माझ्या भावाने, तिच्या बापाने. त्याबद्दल घरात कोणी चकार शब्द काढत नाही.

आताची सायकल नवी. हिच्यात ब्रेकची आणि गिअरची वायर फ्रेमच्या पाइपमधून, आतल्या आत जाते. दिसायला देखणी, पण रस्ता जरा खडबडीत लागला की आतल्या वायरी पाइपवर आपटतात आणि डब्यात खिळे घालून हलवल्यासारखा आवाज येतो. उताराच्या तळाच्या वळणावर मी रोज तिची वाट बघत उभी राहायचे, तेव्हा ती दिसायच्या आधी ऐकू यायची.

"खडखडीने सायकल मोडत नाही," भाऊ म्हणाला. "सगळे नट मी तीन-तीनदा आवळलेत."

"मला माहितीये, बाबा. हाताला कोण सांगणार?"

दुसऱ्या दिवशी सकाळी निवडीची शर्यत होती. पहिल्या पाच जणींना संघात जागा. पुढच्या महिन्यात भिंगरीला एकोणीस पूर्ण होणार, म्हणजे या गटातली ही शेवटची संधी. भाऊ पाना हातात घेऊन नुसता उभा होता. त्याला असं उभं बघितलं की मला आधी राग येतो आणि मग कामाला लागावंसं वाटतं.

"वायरींना कपडे शिवू," मी म्हणाले. "खांद्याच्या पॅडचा पातळ फोम आहे माझ्याकडे. त्याची लांब नळी शिवते. वायर त्यात घाल आणि पाइपमध्ये सोड. मग आपटू दे किती आपटायचं ते."

त्याने डोकं खाजवलं. माझी सूचना पहिल्या झटक्यात धुडकावली नाही, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं. मी लगेच मशीनवर बसले. फोमवर सुई घसरत होती, दोनदा दोरा तुटला, पण अंगात असा उत्साह संचारला होता की पाय थांबेना.

दोन नळ्या घेऊन मी दारातून गेले, तर आमच्या बंधुराजांनी ब्रेकची वायर आवरणासकट खसकन ओढून बाहेर काढलेली. वर विजयी चेहरा.

"शेपटाला दोरा बांधला होतास ना?" मी विचारलं.

"कसला दोरा?"

मी कपाळावर हात मारला. "अरे, नाडी बदलताना जुन्या नाडीला नवी बांधून मगच ओढतात. मागोमाग नवी आपोआप येते. आता आत रस्ता कोण दाखवणार?"

"ही पायजम्याची नाडी नाहीये, ताई. तीस वर्षं हेच करतोय मी."

त्याची तीस वर्षं बाहेरून जाणाऱ्या वायरींची होती. हँडलजवळच्या भोकातून त्याने वायर आत सारली, पण मागच्या चाकाजवळच्या भोकातून ती येईना. बॅटरी लावली, लोहचुंबक फिरवलं, चाकाची तार वाकवून आकडा केला. तासभर झाला. भिंगरी स्टुलावर बसून नखं खात होती आणि माझ्या भावाच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. गेल्या वर्षीचं चाक त्याच्या डोळ्यांपुढे फिरत होतं, हे मला न सांगता कळलं. चिडवायला तोंड उघडलं होतं, ते मी मिटून घेतलं.

आणि मला आठवलं. शिलाई मशीनमधली कापसाची पूड ओढायला मी व्हॅक्यूम क्लीनर वापरते.

मी तो अक्षरशः पळत जाऊन आणला. लाल रेशमाच्या टोकाला कापसाचा एवढासा बोळा बांधला आणि तो वरच्या भोकात ठेवला. भिंगरीने रीळ पेन्सिलीवर धरलं. भावाने खालच्या भोकाला व्हॅक्यूमची नळी दाबून लावली. बाकीची भोकं मी चिकटपट्टीने बंद केली आणि बटण दाबलं. आधी काहीच नाही. मग रीळ एकदा हललं, थांबलं आणि गरगर फिरायला लागलं.

"आत्या, ओढतंय," भिंगरी कुजबुजली, जणू मोठ्याने बोललं तर दोरा लाजून परत फिरेल.

नळी काढली तर खालच्या भोकात लाल टोक. मला नाचावंसं वाटत होतं, आणि खरं सांगते, मी थोडी नाचलेही. रेशमाला मजबूत दोरा बांधला, दोऱ्याला फोम चढवलेली वायर. फोम भोकाशी अडायला लागला, तेव्हा खुणेचा खडू किसून त्यावर चोळला. वायर सुळकन आत गेली. गिअरच्या वायरीला मात्र भावाने आधी दोरा बांधला, घट्ट, दुहेरी गाठ मारून, आणि माझ्याकडे न बघता ओढली.

ब्रेक जोडून त्याने दहा वेळा दाबून बघितला. मग सायकल हातभर उचलून जमिनीवर सोडली. फक्त टायरचा धप्प. पुन्हा सोडली. धप्प. भिंगरीने कान पाइपला लावला, बराच वेळ ऐकलं आणि म्हणाली, "बाबा, आत कोणीच नाहीये."

रविवारी सकाळी आम्ही बहीणभाऊ उताराच्या तळाच्या त्याच वळणावर उभे होतो. इथून पुढे शेवटच्या रेषेपर्यंत नुसती सपाटी. म्हणजे जे काय व्हायचं ते इथेच. वरून पहिली सायकल दिसली आणि माझा धीर सुटला. मी डोळे गच्च मिटले आणि कान उघडे ठेवले. एक गेली, सुसाट. मग दुसरी, ब्रेक किंचाळवत. तिसरी नुसतीच वाऱ्यासारखी. चौथी, पाचवी. सहावी गेली, म्हणजे पाचही जागा संपल्या. भिंगरीची खडखड अजून आली नव्हती.

"ताई, डोळे उघड," भाऊ म्हणाला.

"कुठे राहिली रे ती?"

"गेली ती. तिसरी होती."

मी डोळे उघडले. तो रडत होता, ग्रीसच्या हातांनी चेहरा आणखी काळा करत.

"आणि ब्रेक?"

"दाबला," तो म्हणाला. "एकदाच. जिथे दाबायचा असतो तिथे."