टोपीखालची आई

टोपी बोलली, तेव्हा कोकजारमधली निम्मी माणसं रडली आणि उरलेली निम्मी फोन वर धरून त्यांचं रडणं टिपत बसली.

टोपी म्हणजे पांढऱ्या लोकरी नमद्याची उंच कालपाक, गावातल्या प्रत्येक म्हाताऱ्याच्या डोक्यावर असते तीच. ही मात्र डोक्यावर नव्हती. यर्टच्या, म्हणजे गोल तंबूघराच्या मधोमध, कशिद्याच्या उशीवर तिला मानाने बसवलं होतं आणि तिच्यामागे मांडी घालून बसला होता दिव्यदृष्टीवाला जापारकुल. अंगात सोनेरी जरीचा, लांब बाह्यांचा चापान नावाचा झगा, त्याखाली व्यायामाची विजार, आणि पायांत निळे धावायचे बूट. यर्टमध्ये शिरताना खानसुद्धा जोडे काढतो. पण बूट काढले की जापारकुलच्या पायांतून म्हणे शक्ती जमिनीत झिरपून जायची.

"शांतता!" तो म्हणाला. "आत्मा लाजाळू असतो. त्याला वाट दाखवायला त्याचाच आवाज लागतो. म्हणून मयताने पाठवलेले आवाजी संदेश आदल्या दिवशी माझ्या नंबरावर पाठवा. जितके जास्त, तितकी वाट मोकळी. मागे कोंबडा आरवत असेल तर तो संदेश नको. आत्मा बिथरतो."

"आणि आत्मा मधेच अडखळतो तो का?" मागून कुणीतरी विचारलं.

"रेंज."

"वरतीही रेंजची भानगड आहे?"

"वरती भरपूर असते. तुमच्या गावात मार खाते," जापारकुल म्हणाला, आणि गावाला ते पटलं. गावात रेंज खरंच धड नसायची.

त्याने दोन्ही हात चापानच्या बाह्यांत ओढून घेतले, मान खाली घातली आणि बराच वेळ पुटपुटला. मग टोपी पुन्हा बोलली. चक्कीवाल्याचा मेलेला भाऊ, पोस्टमनची मेलेली आजी, सगळे ओळीने आले. आवाज अगदी ज्याचा त्याचा. सांगणं मात्र प्रत्येकाचं एकच: मी सुखात आहे, इथे हवा छान आहे, गुडघे दुखत नाहीत. पोस्टमनची आजी पक्षाघाताने गेली होती, गुडघ्यांची तिची कधीच तक्रार नव्हती. पण चांगल्या बातमीत खोट कोण काढतो?

दाराजवळ बेगाइम बसली होती. जिल्ह्याच्या गावी तिचा दातांचा दवाखाना होता. खोटे दात खऱ्यासारखे बसवणं हा तिचा रोजचा धंदा, त्यामुळे खऱ्यासारख्या दिसणाऱ्या गोष्टींचं तिला फारसं अप्रूप नव्हतं. ती आली होती वडिलांसाठी. आई गेली, चाळिसाव्या दिवसाचं जेवण झालं, आणि तेमिरकुल आबांनी बोलणं टाकलं. दाढी वाढली. चहाच्या दोन वाट्या भरायच्या आणि दोन्ही गार होऊ द्यायच्या. फोन केला की "हं" म्हणायचे, पुन्हा विचारलं की पुन्हा "हं". आणि परवा त्यांनी स्वतःहून फोन केला होता, आवाज विशीतल्या पोराचा: "अगं, तुझी आई बोलली माझ्याशी!"

आता ते पहिल्या रांगेत बसले होते. दाढी केलेली, गालाला कापल्याची खूण.

"तेमिरकुल," टोपी म्हणाली.

बेगाइमच्या अंगावर काटा आला. आईच. शब्दाच्या शेवटी किंचित दम लागायचा, तोसुद्धा. तिचे डोळे भरले, आणि भरताभरताच थांबले. तेमिरकुल?

आई, बुरमाकान, जुन्या वळणाची सून. नवऱ्याचं, सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव तोंडातून काढायचं नाही, हे तिने मरेपर्यंत पाळलं. नवरा म्हणजे "तुझा बाप", नाहीतर "घोडीवाला". सासऱ्यांचं नाव जुमाबाय, म्हणून जुम्म्याच्या वारालासुद्धा ती "गुरुवारच्या पाठचा" म्हणायची. शाळेत जाईपर्यंत बेगाइमला वाटायचं, आठवड्यात असाच एक वार असतो.

"तेमिरकुल," टोपी पुढे म्हणाली, "मी सुखात आहे. गुडघे दुखत नाहीत. पण इथे फार चालावं लागतं. माझी घोडी पाठव. येत्या जुम्म्याला जापारकुलच्या हवाली कर. तो पोचवेल."

बायकांत कुजबुज झाली. "अगंबाई, नाव घेतलं!"

जापारकुल शहरात वाढलेला. नाव घेण्यात काय बिघडलं हे कळायला त्याला एक श्वास लागला. पण दुसऱ्याच श्वासाला तो सावरला. "तिकडे पडदा उरत नाही, माउल्यांनो. तिकडे सगळे मोकळे." बायकांनी माना डोलावल्या. दोघीतिघींना ती सोय आवडलीसुद्धा.

बेगाइमने वडिलांकडे पाहिलं. त्यांचे कान लालबुंद झाले होते आणि ते हसत होते.

*

"आत्या, तुम्हाला थोडा वेळ मरायला जमेल का?"

सालिका आत्या, आबांची थोरली बहीण, पीठ मळत होती. "किती वेळ? दुपारी नूडल्स लाटायच्यात."

बेगाइमने लॅपटॉप उघडला. आत्याला आवाजी संदेश पाठवायचा भारी षोक. पित्ताशयावर तिने पाठवलेलं एकेक भाषण चहाची किटली उकळून गार होईपर्यंत चालायचं. ते सगळे बेगाइमने यंत्राला ऐकवले, मग एक वाक्य टाइप केलं. लॅपटॉपमधून आत्याचा ठसकेबाज आवाज आला: "माझ्या भावजयीचे तळलेले बोरसोक माझ्यापेक्षा चांगले व्हायचे."

आत्याच्या हातातलं पीठ परातीत पडलं. "हे मी मेले तरी म्हणणार नाही!"

"तेच तर. तुम्ही म्हणालाच नाहीत. मी लिहिलं, त्याने तुमच्या आवाजात वाचलं."

"माझा आवाज? मला न विचारता?" आत्या लॅपटॉपकडे चोराकडे बघावं तशी बघत राहिली. "म्हणजे उद्या कुणीही माझ्या तोंडून काहीही बोलवेल?"

"हो."

"आणि त्या मेल्याच्या चापानच्या बाह्या एवढ्या लांब का ते आता कळलं." पिठाचा हात कमरेवर ठेवून आत्याने विचारलं, "मरायचं कधी?"

आत्या फक्कडसं काळं डोकीचं फडकं शोधायला आत गेली. बेगाइमने आत्याचे संदेश जापारकुलच्या नंबरावर पाठवले. ती लॅपटॉप बंद करणार, तेवढ्यात तिला फोनमध्ये आईच्या नावाची ओळ दिसली. आईचे संदेश तिथेच होते. एक वाक्य टाइप करायचं, की आई म्हणेल. काय हवं ते म्हणेल. 'तू वेळेत आली होतीस,' असंही म्हणेल. तिचं बोट बराच वेळ तसंच अधांतरी राहिलं. मग तिने झाकण मिटलं आणि परातीतलं पीठ मळून टाकलं.

*

गुरुवारच्या पाठचा दिवस उजाडला. यर्टबाहेर आबांनी घोडी आणून खुंट्याला बांधली. कुरळ्या आयाळीची, आईच दूध काढायची ती. आत जापारकुलने जाहीर केलं, "आज पहिल्या येत आहेत बेगाइमच्या दिवंगत आत्या, सालिका!"

गर्दी चपापली.

"सालिका? परवा तर माझ्याशी कुंपणावरून भांडली."

"अचानक गेली बिचारी. तेच भांडण शेवटचं."

चक्कीवाल्याच्या बायकोने तर रीतसर विलाप सुरूही केला: "गेलीस गं, माझ्या गढीच्या बुरुजा..." सालिका आत्या तिच्या मागेच, काळ्या फडक्यात तोंड लपवून बसली होती. तिला ते ऐकायला बरं वाटत असावं, कारण ती लगेच उठली नाही.

जापारकुलने हात बाह्यांत ओढले, पुटपुटला. टोपी ठसक्यात बोलली: "बेगाइम बाळा, मी सुखात आहे. इथे हवा छान आहे. गुडघे दुखत नाहीत..."

"दुखतायत की, मेल्या! सकाळपासून दुखतायत!" आत्याने फडकं भिरकावलं.

जी किंकाळी उठली ती ऐकून बाहेर घोडी खिंकाळली. तीन म्हातारे यर्टच्या दारात अडकले.

"पळू नका!" जापारकुल ओरडला. "हा नुसता देह आहे! आत्मा पुढे गेलाय, देहाला बातमी कळायला वेळ लागतो!"

आणि काय सांगावं, क्षणभर गावाला तेही पटलं. बायका आत्यापासून हातभर सरकल्या. कुणीतरी हळूच म्हणालं, "चेहरा जरा पिवळाच वाटतोय."

"देह काय? सकाळी तीन वाट्या शोरवा मग तुझ्या आत्म्याने ढोसला?" आत्याने चक्कीवाल्याच्या बायकोला असा चिमटा काढला की ती विलाप सोडून शिव्या देऊ लागली. "हां! पटलं का आता?"

तोवर बेगाइमने कालपाक उचलली होती. खाली होता एक वाटोळा, मुठीएवढा स्पीकर. अंगावर निळा दिवा लुकलुकत होता. आत्याने जापारकुलची बाही वर सारली. बाहीत फोन, फोनवर टाइप करून ठेवलेलं पुढचं वाक्य. पोस्टमनने चष्मा लावून ते मोठ्याने वाचलं: "'एक मेंढा पाठव, शक्यतो लठ्ठ.'"

"आत्मा नाही, यंत्र आहे," बेगाइम म्हणाली. "तुम्ही पाठवलेले संदेश त्याने यंत्राला ऐकवले. यंत्र त्यांची नक्कल शिकलं. हा बाहीत टाइप करतो, टोपीखालून तुमचा माणूस बोलतो. पुटपुटणं म्हणजे टाइप करणं. टाइप करायला वेळ लागतो, त्याचं नाव रेंज. याला मंत्र लागत नाही, हे बघा."

कोंबड्याबद्दलच्या सूचना जापारकुलने तिलाही आवाजी संदेशातच दिल्या होत्या. तिने फोनवर बोट टेकलं आणि जापारकुलचाच आवाज यर्टभर घुमला: "मी जापारकुल. आमच्या दोघांत ही टोपी हुशार."

हशा पिकला. जापारकुलसुद्धा स्वतःच्या आवाजाकडे वळून पाहायला विसरला नाही. मग त्याने ओळखलं की आजची हवा छान नाही, आणि त्या शक्तिवर्धक बुटांचा पहिल्यांदाच योग्य उपयोग केला.

हसणं ओसरल्यावर चक्कीवाल्याचे म्हातारे वडील हलकेच म्हणाले, "मला मॉस्कोहून काल नातवाचा संदेश आला. आजारी आहे, म्हणाला. काहीतरी पाठवा, म्हणाला. आवाज त्याचाच होता."



"त्याला तुम्ही स्वतः फोन लावा, आजोबा," बेगाइम म्हणाली. "आणि घरच्यालाच ठाऊक असेल असं काहीतरी विचारा."

"लहानपणी कुठल्या मेंढ्याने त्याला ढुशी दिली ते विचारतो." म्हातारा फोन कानाला लावून बाहेर गेला. जरा वेळाने त्याचं मोठ्याने हसणं ऐकू आलं. नातू ठणठणीत होता, आणि मेंढ्याचं नाव काढल्यावर अजूनही चिडत होता.

*

खुंट्याशी घोडी नव्हती. आबा तिला घेऊन घराच्या वाटेला लागले होते. बेगाइमने धावत त्यांना गाठलं.

"आबा, रागावलात?"

"नाही."

"मी तुमच्यापासून तो आवाज हिरावून घेतला. तुम्हाला खरंच वाटलं होतं का, ती आईच आहे म्हणून?"

आबा घोडीची आयाळ सारखी करत राहिले. "पहिल्या शब्दालाच कळलं होतं, नाही म्हणून. सबंध संसारात तिने कधी माझं नाव घेतलं? घर पेटलं असतं तरी 'अहो घोडीवाले, धूर येतोय' म्हणाली असती."

"मग पुन्हा गेलात कशाला?"

"नाव ऐकायला." त्यांचे कान पुन्हा लाल झाले. "वाटलं, तिच्या आवाजात कसं वाटतं ते एकदा ऐकावं. मग एकदाचं दोनदा झालं."

"आणि घोडी?"

"दिली असती," ते म्हणाले. "खोटं आहे हे कळत असून दिली असती. तुझी बुद्धी काय म्हणते यावर?"

अडाणी माणसं फसतात, असं बेगाइम इतके दिवस समजत होती. अक्कल इथे होती की, भरपूर होती. कान उपाशी होते.

घरी पोचल्यावर तिने कढई ठेवली. तळणाचा वास गेलेल्यांपर्यंत पोचतो म्हणतात. तिचा त्यावर विश्वास नव्हता, पण बोरसोक जिवंत माणसांनाही लागतात. तेल तापेपर्यंत तिने फोन काढला. "आबा, एक ऐकवते. हे मी केलेलं नाही. आईने पाठवलेलं आहे, जसंच्या तसं."

खरखर झाली. मागे कोंबडा आरवला, चांगला खणखणीत. मग आई, वैतागलेली, दम लागलेली: "अगं, तुझ्या बापाला विचार, घोडीला पाणी दाखवलं का! मी ओरडतेय, ऐकूच येत नाही मेलं त्यांना!"

आबांनी मान वर केली. "दाखवलं होतं गं," ते फोनला म्हणाले. मग डोळे पुसत हसायला लागले, आणि हसता हसता उठून अंगणात गेले, कारण आज खरोखरच दाखवायचं राहिलं होतं.

तर बाबांनो, आवाज कितीही ओळखीचा असो, तो काय मागतोय ते आधी बघा. मग उलट फोन लावा, विचारा, टोपी उचला. मेलेली माणसं घोडी मागत नाहीत. आणि जिवंत माणसांना फोन करायचा असेल, तर त्यांनी टोपीशी बोलायला लागण्याआधी करा.

ती कालपाक सालिका आत्याने ठेवून घेतली. चहाच्या किटलीवर घालायला ती उत्तम आहे. अजूनपर्यंत तरी किटली काही बोललेली नाही.