विहीणबाईंचं ताट

वच्छलाबाई अचलपूरहून एस.टी.नं अकोल्याला आली आणि जुन्या शहरातल्या लेकीच्या घरात पाय ठेवताच तिचं डोकं सणकलं. प्राजक्ताच्या पोटात जुळं, सातवा महिना लागलेला, पोट घागरीएवढं. वर चेहरा मात्र वाळल्या गिलक्यासारखा. अंगात रक्त नाही, दोन्ही लेकरांचं वजन कमी आहे, डाळ, दूध, अंडी थोडं थोडं पण सारखं खा, असं डॉक्टरीणबाईनं बजावलं होतं. हे पोरीनं फोनवर रडत सांगितलं, म्हणून तर वच्छलाबाई कापसाची वेचणी टाकून आली.

पण प्राजक्ताच्या सासूबाईंचं, सीमाताईंचं, शास्त्र डॉक्टरिणीच्याही वरचं. त्यांच्या मते पोट म्हणजे एक खोली, आत आधीच दोन भाडेकरू. वरून भाकरी कोंबली तर ते गुदमरणार नाहीत का? शिवाय लेकरं मोठी झाली की सिझर ठरलेलं. म्हणून सून दोन फुलक्यांवर, आणि लेकरं गोरी निपजावीत म्हणून अर्धा कप केशराचं दूध. फ्रिजमध्ये अंड्यांचा ट्रे होता, पण तो किशोरचा. जावईबापू जिमला जातात ना, त्यांना दंड फुगवायचे आहेत. दोन जीव वाढवणारीनं नुसतं बघावं. धन्य ते घर.

"तिले मी घिऊन जातो," वच्छलाबाई म्हणाली.

"छे हो, जुळं आहे. डॉक्टरांनीच प्रवास नको म्हटलंय," सीमाताई म्हणाल्या. डॉक्टरांचं तेवढं एक वाक्य त्यांना बरोबर पटलं होतं.

लेकीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं खायचं नाही, हा वच्छलाबाईचा नेम. लग्न झाल्यापासून तिनं इथं चहासुद्धा घेतला नव्हता. सीमाताईंना हे पक्कं ठाऊक, म्हणून त्यांचा आग्रह दर वेळी गल्लीभर ऐकू जायचा. आज तर दारात शेजारीणही उभी होती.

"विहीणबाई, आज तरी जेवा हो. पुरण घातलंय, पाटोड्या केल्यात. नाही म्हणू नका."

"वाढा," वच्छलाबाई म्हणाली.

सीमाताईंचं तोंड उघडंच राहिलं. पण शेजारणीसमोर शब्द गेला होता. ताट आलं. वच्छलाबाईनं लेकीला शेजारी बसवलं आणि ताट तिच्यापुढं सरकवलं.

"खाय, माय. हळूहळू खाय."

"अहो, तिला नका देऊ. आतल्यांना जागा..."

"ताट माह्यं हाय ना? मंग मी कोणालेही चारीन. तूप वाढा."

विहिणीपुढचं ताट ओढायचं तरी कसं? सीमाताईंनी तूप वाढलं. प्राजक्ता आधी भीत भीत, मग मान खाली घालून खाऊ लागली. वरणाची वाटी तिनं बोटानं पुसून चाटली. वच्छलाबाईनं ते पाहिलं. माहेरी दारात गाय बांधलेली, आणि पोर इथं वाटी चाटते. या फ्रिजवाल्यांना लाज वाटायला हवी होती, पण ती यांच्याकडं कधी आलीच नसावी.

किशोर चुळबुळत सासूला म्हणाला, "मामी, परतीची गाडी किती वाजता आहे?"

"कायची गाडी? पोर बाळंत होतवर मी अठीच राहतो. तिच्यासाठी काई रांधू नका, तिले तं जागाच नाई. माह्यासाठी रांधा. मले भूक लय लागते, घडीघडी लागते."

"लोक काय म्हणतील?" सीमाताई पुटपुटल्या.

"म्हणतीन, इहीन खादाड हाय. म्हणू द्या. अन किशोरराव, रोज सकायी मले तुमच्यातले दोन अंडे उकडून लागतीन."

प्राजक्ताचा घास हातातच थांबला. अंड्याचं टरफल दिसलं तरी आंघोळ करणारी बाई होती तिची आई. वच्छलाबाईनं तिच्याकडं पाहिलं नाही. पाटोडीचा तुकडा मोडून तिनं लेकीच्या तोंडाशी धरला, आणि प्राजक्तानं तो खाल्ला.