घोसाळ्याच्या फुलांची राखण

आवाज कुठून आला म्हणून वर बघू नका. तुमच्या पायापाशीच मी, एक काळी मुंगी, बोलतेय. माझा जन्म जळकोटात, ताहेराबींच्या परसातल्या दगडाखालचा. तेव्हा राज्य निजामाचं होतं म्हणे. आमच्यावर मात्र आमच्या राणीचंच.

त्या वर्षी ताहेराबींनी मांडवावर घोसाळ्याचा वेल चढवला होता. माहेरी, माकणीला त्यांची आई वारली, तेव्हा तिच्या पुरचुंडीत तीन बिया सापडल्या. दोन कुजल्या, एकच उगवली. त्या वेलावर त्यांचा भारी जीव.

आमचाही होता. कळ्यांच्या मागं गोड पाझर सुटायचा. तो आम्ही चाटायचो आणि फुलं कुरतडणाऱ्या लाल भुंग्यांना कडकडून चावायचो. मधमाशी आली की मात्र बाजूला सरायचो. तिच्यावाचून फळ धरत नाही, एवढं आम्हालाही कळतं.

ताहेराबींना दिसली ती फक्त आमची रांग. "मेल्यांनी फुलं खाल्ली की!" म्हणत त्यांनी बुंध्याला आणि मांडवाच्या मेढींना घासलेटात भिजवलेल्या चिंध्या बांधल्या. त्या वासानं आमच्या मिशा बधिर झाल्या. आम्ही खालीच अडकलो.

चार दिवसांत भुंग्यांनी फुलांची चाळण केली. ताहेराबी मांडवाखाली डोळे पुसत बसल्या. "अम्मीची एवढीच निशाणी व्हती."

शेजारच्या शांताक्कांनी येऊन पानं उलटून बघितली. "मुंग्या कुठं गेल्या गं?"

"म्या घालवल्या."

"अगं बाई, राखणदारच हाकललेस की!"

तेवढ्यात ताहेराबींचे मालक जैनोद्दीन आले. ते कचेरीत पहारेकरी होते. "लढाईच्या दिवसांत चिमणीला घासलेट मिळंना, अन् तू मुंग्यास्नी पाजतीस व्हय?" ताहेराबींना रडता रडता हसू फुटलं. जैनोद्दीननी स्वतः चिंध्या सोडल्या.

मेढीवर पहिली मी चढले. एका भुंग्याचा पाय असा धरला, की दोघंही गडगडत ताहेराबींच्या ओंजळीत पडलो. भुंगा उडाला. मला वाटलं, आता संपलं. पण त्यांनी मला अलगद फुलावर ठेवलं. "जा बाई, तुझं काम कर."

"माझ्यापरीस बरी हाय," जैनोद्दीन म्हणाले. "पहाऱ्यावर डुलकी तर घेत न्हाय!"

पुढं वेल घोसाळ्यांनी लगडला. एक ताहेराबींनी वेलावरच वाळू दिलं. हलवलं की आत बिया खुळखुळायच्या. त्यातल्या मूठभर शांताक्कांच्या पदरात पडल्या.

आता माझा एक पाय गेलाय. मी वारुळातच लहानग्यांपाशी असते. तुमच्या वेलावर आमची रांग दिसली, तर फुंकर मारायच्या आधी जरा थांबून बघा, आम्ही करतोय तरी काय. आणि परसात पाणी ओतायचं झालं तर आधी एक हाळी द्या. आम्ही तेवढी अंडी उचलून घेतो.