उरलेली घुंगरं

"त्या दिवशी घुंगरं नसतात गं."

सासूबाई हे म्हणाल्या तेव्हा सुनेच्या दातांत दोरा होता. जेवणाच्या टेबलावर निळा झगा पसरलेला होता आणि त्याच्या घेरावर ती एक घुंगरू, एक कापडी डाळिंब, पुन्हा एक घुंगरू असं टाचत चालली होती. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी प्रार्थनामंदिरात हा झगा लाकडी पुतळ्याला चढणार होता. प्राचीन इस्राएलाच्या प्रमुख याजकाचा पोशाख. तिचा नवरा तिथला पाळक, म्हणजे धर्मगुरू. त्याचं प्रवचनही त्याच पोशाखावर होतं.

तिनं दोरा तोडला. "कुठल्या दिवशी, आई?"

"वर्षातून एकदा तो मंदिराच्या पार आतल्या खोलीत जातो ना, त्या दिवशी. सगळं काढून ठेवतो. निळा झगा, सोनं, छातीवरचे खडे. साधं पांढरं घालतो आणि जातो. सगळ्यांचं पाप घेऊन जायचं असतं. वाजतगाजत नाही जाता येत."

"मग बाहेरच्यांना कळणार कसं, आत काय चाललंय ते?"

"नाही कळत. वाट बघायची."

सून हसली. "सकाळी चहा दोनदा घेतलात ते आठवत नाही तुम्हाला, आणि याजकाचे कपडे बरे आठवतात!" तिनं सुईत नवा दोरा ओवला. नवऱ्याचं सगळं प्रवचन घुंगरांवरच बेतलेलं होतं: पडद्याआड गेलेला याजक दिसत नाही, पण घुंगरं वाजतात, म्हणून बाहेरच्यांना कळतं की तो जिवंत आहे, तसाच आपला तारणारा. एवढं छान जुळलेलं असताना म्हातारीचं ऐकून ते कोण उसवत बसणार?

सासूबाईंनी रविवारच्या शाळेतल्या मुलांना कितीतरी वर्षं हेच शिकवलं होतं. आता त्या सुनेला "तू कोणाची गं?" विचारायच्या, पण याजकाच्या छातीवरचे बारा खडे ओळीनं म्हणून दाखवायच्या. पाहुणे आले की नवरा मुद्दाम विचारी, "आई, माझं नाव सांग बरं."

त्या त्याच्याकडे बघत राहायच्या. मग चाचरत सुरू करायच्या, "लाल... पुष्कराज... माणिक..."

"बघा!" तो टाळी द्यायचा. "मुलगा विसरली, दगड लक्षात आहेत!"

पाहुण्यांना हसावंच लागे. त्या बारा खड्यांवर इस्राएलाच्या बारा वंशांची नावं कोरलेली असत आणि याजक ती काळजावर घेऊन आत जाई, हेही तो प्रवचनात सांगणार होता.

झगा पुरा झाला तेव्हा पुडीत मूठभर घुंगरं उरली. सून ती परत डब्यात टाकत असताना नणंदेनं तिचा हात धरला.

"थांब वहिनी. आईच्या गाऊनला लाव की."

"काहीतरीच काय!"

"काहीतरीच कसं? परवा कालव्याच्या पुलापर्यंत गेली होती. बेकरीवाल्यानं धरून आणली म्हणून बरं. आणि बाळाला पाळण्यातून काढून आंघोळीच्या टबात कोणी ठेवलं होतं?"

टब कोरडा होता. पण त्या दिवसापासून सुनेला सुखाची झोप नव्हती. बाळ नुकती कुठे बसायला लागली होती. आंघोळ करताना सून मध्येच नळ बंद करून कानोसा घ्यायची. घर गप्प झालं की धावत पाळण्याशी जायची. तिनं हातातल्या घुंगरांकडे पाहिलं.

"कायमची नाही लावायची," ती म्हणाली. "बाळ मोठी होईपर्यंत."

सासूबाईंना खुर्चीशेजारी उभं केलं आणि अंगातल्या गाऊनलाच घुंगरं टाचली. काढून शिवायला वेळ कोणाला होता? एकदा सुई घोट्याला लागली. त्यांनी पाय थोडा मागे घेतला, एवढंच.

"मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा प्रश्न होता," नणंद म्हणाली. "वहिनीनं पायाशीच बांधली."

संध्याकाळी नवरा घरी आला, आवाज ऐकून दारातच थबकला आणि मग पोट धरून हसला. "आमची आई प्रमुख याजक झाली!"

घरात त्यांना तेच नाव पडलं. याजक जेवले का? याजकांना गोळी दिलीस का? नणंद आली की म्हणायची, "आई, जरा चालून दाखव ना," आणि सासूबाई खिडकीपर्यंत जाऊन परत यायच्या, नाचाच्या परीक्षेला उभ्या केल्यासारख्या. पुढे पुढे त्या घेर मुठीत धरून चालायला लागल्या. मग आवाज येईना. सुनेनं पुडीतली राहिलेली घुंगरं बाह्यांना लावली.

तिला खरंच बरं वाटू लागलं. ती भाजी निवडत बसे आणि आतून छुमछुम येई: आता पलंगाशी, आता कपाटाशी, आता खिडकीशी. मान वर करावी लागत नसे. खोलीत जावंही लागत नसे.

त्या रविवारी सासूबाईंनी सकाळीच केस विंचरून घेतले आणि चपला घालून दाराशी येऊन बसल्या.

"आईला घेऊन नको येऊस," नवरा टाय बांधत बायकोला म्हणाला. "मध्येच उठून काही बोलली तर? परवा मला म्हणते, घुंगरं नसतात. सगळ्या लोकांसमोर म्हणाली तर शोभा होईल."

"अहो, ऐकतायत त्या."

"ऐकू दे. दुपारपर्यंत राहणारेय का लक्षात?"

सासूबाई चपलांकडे बघत होत्या. त्यानं वाकून त्या त्यांच्या पायांतून काढल्या आणि उंच फळीवर ठेवल्या. लहान मुलांच्या हाताला लागू नये अशी वस्तू ठेवतात तशा.

सून सासूबाईंसाठी घरीच राहिली. प्रार्थनामंदिर अंगणापलीकडेच होतं. खिडकी उघडी ठेवली की ध्वनिक्षेपकावरचं सगळं घरात ऐकू येई. बाळ दूध पिऊन झोपली होती. सुनेनं तिला पाळण्यात ठेवलं आणि मागच्या मोरीत कपडे धुवायला बसली. तिकडून गाणं आलं, मग नवऱ्याचा आवाज. निळा रंग म्हणजे स्वर्ग. डाळिंब म्हणजे फळ. खांद्यावरची रत्नं म्हणजे आपला भार वाहणारा तो.

घरात घुंगरं वाजत होती. आज जरा जास्तच. आईंना आज पाय फुटलेत, तिच्या मनात आलं, रुसल्या असतील. वाजू देत. वाजतायत तोवर ठीक. तिनं चादरी पिळल्या, दोरीवर टाकल्या, चिमटे लावले. आवाज कसा एका लयीत येत होता, थांबायचा, पुन्हा यायचा. एकाच जागेवरून येत होता, हे तिच्या लक्षात आलं ते बादली उपडी करताना.

हात न पुसताच ती आत गेली.

बाळ जमिनीवर अंथरलेल्या गोधडीवर बसली होती. तिच्या चारी बाजूंनी उशा लावल्या होत्या, नीट, कोपऱ्याला कोपरा जुळवून. ती कुठेही कलंडली तरी डोकं उशीवरच आलं असतं. तिच्या पुढ्यात सासूबाईंचा गाऊन होता, घडी घातलेला. बाही तेवढी बाहेर काढून तिच्या हातात दिली होती. बाळ ती आपटत होती आणि आवाज झाला की हसत होती.

घडीवर सासूबाईंची अंगठी होती आणि चष्मा.

पाळण्याच्या दांडीला हात लावून सून उभी राहिली. कपाट उघडं होतं. आतल्या हँगरवरचा पांढरा, बिनकाठाचा, बिनगुंडीचा साधा झगा तिथे नव्हता. रविवारच्या शाळेत तो घालून त्या मुलांना 'तो दिवस' समजावून सांगायच्या. फळीवरच्या चपला होत्या तिथेच होत्या. बाहेरचं दार लोटलेलं होतं, कडी अगदी हळू काढून.

बाळाला कडेवर घेऊन ती दारात आली. रस्ता दोन्ही बाजूंनी मोकळा. एका टोकाला बेकरी होती, रविवारची बंद. दुसऱ्या टोकाला कालवा. हाक मारायला तिनं तोंड उघडलं.

"आता शांत व्हा," ध्वनिक्षेपकावर नवरा म्हणाला, "आणि ऐका."

सगळं प्रार्थनामंदिर गप्प झालं. मग त्यानं पुतळ्याच्या अंगावरचा झगा हलवला आणि तिनं टाचलेली घुंगरं अंगणापलीकडे वाजली, खणखणीत, एक न एक.

"ऐकू येतंय ना? म्हणजे आत कोणीतरी जिवंत आहे."

लोकांनी आमेन म्हटलं. बाळानं आवाजाच्या दिशेनं मान वळवली आणि टाळ्या पिटल्या. सून अनवाणीच कालव्याकडे धावत सुटली.

तुमच्याही घरात आतल्या खोलीतून आवाज येत असेल. खोकल्याचा, काठीचा, टीव्हीचा. येतोय म्हणून तुम्ही निवांत वाचत बसला असाल. पुस्तक खाली ठेवा. एकदा आत जाऊन बघून या.