अक्कांचं ओलेतं

गुंडोला दर तेवीस दिवसांनी ताप येत असे. हे मी अंदाजाने सांगत नाही. आमचे हे, हयवदनराव, हवामान खात्यात होते, आणि रोज शहराचं कमाल आणि किमान तपमान टिपून ठेवणं हीच त्यांची नोकरी होती. मुलाला तिसऱ्यांदा ताप आला तेव्हा त्यांनी ऑफिसातून आलेखाचा कागद आणला आणि मधल्या खोलीत कॅलेंडरशेजारी टाचला. चौथ्या तापाचा दिवस त्यांनी आधीच सांगितला. तो बरोबर निघाला, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर असं काही समाधान पसरलं की मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

सन अठ्ठावन्न होतं, आणि गुंडो दीड वर्षाचा. आम्ही चामराजपेटेत राहत होतो. यांचं घराणं बेंगळुरात इतक्या पिढ्यांचं जुनं, की हे मराठी बोलतात की कानडी, हे मला मिरजेहून आल्यावर सहा महिने कळलं नाही. घर अक्कांच्या हुकमतीत होतं. अक्का म्हणजे यांच्या थोरल्या बहीण, वसुमतीअक्का. तेराव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आलेल्या, तेव्हापासून स्वयंपाकघर त्यांचं. आपण ज्याला सोवळं म्हणतो त्याला त्या मडी म्हणत. त्यांची मडी साधी नव्हे. पहाटे आंघोळ करून पिळलेलं लुगडं ओलंच नेसायचं आणि ते अंगावर वाळेपर्यंत चुलीपुढे बसायचं. त्या वेळात त्यांना कुणी शिवायचं नाही. माणूस नाही, कपडा नाही, गादी नाही. गुंडो रांगायला लागल्यापासून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापर्यंत जाई, दोन्ही हात वर करी, आणि आतून "ए! लांब हो!" असा आवाज आला की मागे फिरे. असं दिवसातून पंधरा वेळा चाले. पोर चिकाटीचं होतं.

डॉक्टर हणमंतरावांनी घसा बघून सांगितलं होतं, की गाठी सुजतात, मोठा झाला की थांबेल.

"किती मोठा?" मी विचारलं.

"चार-पाच वर्षांचा."

मग त्यांनी खरी गोष्ट सांगितली. ताप एकशे चारच्या पुढे जाऊ द्यायचा नाही. वाढायला लागला की कपडे काढायचे, खिडकी उघडायची आणि ओल्या फडक्याने सगळं अंग पुसत राहायचं. नाहीतर या मुलाला आकडी येईल.

आमच्या घरी ताप आला की खिडक्या बंद होत. कानटोपी चढे, पायात मोजे जात, वर कांबळं येई. गार पाणी अंगाला लागलं की ज्वर आत शिरतो आणि मग बाहेर येत नाही, असं अक्कांचं ठाम मत होतं. आत म्हणजे कुठे, हे विचारायची सोय नव्हती. एकदा मी गुंडोला न्हाणीत नेऊन चोरून पुसलं. अक्कांनी ओलं फडकं बघितलं, आणि त्या दोन दिवस जेवल्या नाहीत. हे म्हणाले, "दोघींचंही बरोबर आहे." असं बोलणाऱ्या माणसाला खरं तर दोघींनी मिळून बडवायला हवं होतं.

मार्चमध्ये, कांबळ्याखाली, गुंडोला आकडी आली. डोळे वर गेले, हातपाय ताठ झाले, ओठ निळे पडले. मी ओरडले. अक्का मडीत होत्या. त्या उंबऱ्यापर्यंत धावत आल्या आणि तिथेच थांबल्या. हात पाठीमागे बांधून देवाचं नाव घेत उभ्या राहिल्या, माझ्यापासून तीन हातांवर. आकडी दोन मिनिटांत गेली. ते उभं राहणं माझ्या मनातून गेलं नाही. मी त्यांना माफ केलं नव्हतं, आणि करायचा विचारही नव्हता.

जुलैतला ताप यांच्या आलेखाप्रमाणे ज्या दिवशी यायचा, त्याच दिवशी सासऱ्यांचं श्राद्ध होतं. यांनी ते आठवडाभर आधी जाहीर केलं. ताप पुढे ढकलता येत नाही आणि तिथीही हलत नाही, एवढं सांगून ते ऑफिसला गेले.

त्या दिवशी बाहेर भुरभुर पाऊस आणि गारठा; अंगावरचं लुगडं वाळायचं नाव घेत नव्हतं. अक्का पहाटेपासून ओलेत्याने वडे, खीर, भाज्या करत होत्या. अकरा वाजता हे जटका, म्हणजे टांगा, घेऊन मठातून दोन ब्राह्मणांना आणायला गेले. गुंडो मधल्या खोलीत, आलेखाखालीच निजला होता. मी थर्मामीटर लावला. एकशे तीन पॉइंट आठ. त्याचा उजवा हात मधूनच उडायला लागला होता. मार्चमध्येही सुरुवात अशीच झाली होती.

मी कांबळं बाजूला केलं, फडकं भिजवलं, पिळलं.

"विमला," उंबऱ्याआडून अक्का म्हणाल्या. "बेडा. नको करूस. आजच्या दिवशी तरी नको."

मी फडकं खाली ठेवलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. माझं मूल माझ्यासमोर तापत होतं, उपाय माझ्या हातात होता, आणि मी तो घमेल्यात टाकला. तोंडाने मात्र मी शूर होते. डॉक्टरांना बोलवायला कुणाला पाठवावं म्हणून शेजारच्या अंबूबाईंकडे गेले, तर दाराला कुलूप; तेव्हा परत येऊन म्हणाले, "मी डॉक्टरांना घेऊन येते. तोवर तुम्ही बघत बसा. लांबूनच. तुम्हाला सवय आहे."



दवाखाना पुढच्याच रस्त्यावर. मी पदर खोचून भर रस्त्यातून पळाले. डॉक्टर रोगी तपासत होते, त्याला तसंच तोंड उघडं ठेवायला सांगून माझ्याबरोबर निघाले. जायला यायला वीस मिनिटं लागली असतील. सगळ्या वाटेत मला एकच दिसत होतं, निळे पडलेले ओठ.

घरात शिरले तर अंथरूण रिकामं. कानटोपी जमिनीवर, मोजे जमिनीवर. खिडकी सताड उघडी. आणि खिडकीखाली अक्का भिंतीला टेकून बसलेल्या, ओल्या लुगड्यात, उघडानागडा गुंडो छातीशी धरून. पदराचं टोक त्यांनी त्याच्या डोक्यावर घेतलं होतं आणि शेजारच्या तांब्यातून त्यावर थोडं थोडं पाणी सोडत होत्या. स्वतः थंडीने कुडकुडत होत्या. पोराचा हात उडायचा थांबला होता. त्या हाताने त्याने अक्कांचं लुगडं मुठीत धरलं होतं.

डॉक्टरांनी ताप बघितला. एकशे एक.

"शाब्बास," ते म्हणाले. "अंग पुसलंत ते छान केलंत."

"पुसलं कुणी?" अक्का म्हणाल्या. "मी नुसती घेऊन बसलेय."

"ओल्या कपड्यानं काम झालं."

"तो कपडा नव्हे. मडीचं लुगडं आहे," अक्का म्हणाल्या, आणि त्यांचे दात वाजले.

तेवढ्यात दारात जटका थांबला. हे आणि दोन ब्राह्मण आत आले आणि जागच्या जागी उभे राहिले. श्राद्धाचा स्वयंपाक करणारी बाई मडीत असताना आजारी पोराला घेऊन गादीजवळ बसली, म्हणजे वड्यांपासून खिरीपर्यंत सगळं बाद. हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती.

"हयवदना, दोघांना पाट दे," अक्का बसल्या जागेवरून म्हणाल्या. "स्वयंपाक मोडला. पुन्हा करायचा."

"किती वेळ लागेल?" थोरल्या ब्राह्मणांनी विचारलं.

"पोर शंभरावर येऊ दे. मग आंघोळ, मग चूल."

"पण वसुमतीबाई, आज तुमचे वडील उपाशी..."

"अण्णा स्वल्प थांबतील. घाई असायला ते आता कुठे जाणार आहेत?"

 हे आलेखाकडे बघत राहिले.

ब्राह्मण चार वाजता जेवले, आणि भुकेपोटी भरपूर जेवले. दुसऱ्यांदा चूल पेटली तेव्हा मी उंबऱ्यापाशी गेले. अक्का पुन्हा नवं ओलेतं नेसून पुरणाला हात लावावा तसा वड्यांच्या पिठाला हात लावत होत्या, जपून. त्या दिवसातली ती त्यांची दुसरी आंघोळ होती. मला खूप काही म्हणायचं होतं. तोंडातून आलं ते भलतंच.

"अक्का, मी तुम्हाला वाईट बोलले."

"बोललीस ते खरंच होतं. मार्चमध्ये मी उभीच होते." त्यांनी वडा तेलात सोडला. "पण आज त्यासाठी उठले नाही मी."

"मग?"

"तू फडकं ठेवलंस, ते बघितलं मी. आई असून ठेवलंस. माझ्या भीतीनं." त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. "एवढी भीती घातली मी या घरात. अय्यो, तेवढ्यापायी पोर गेलं असतं, तर मला मडी कसली आणि काय?"

मी तिथेच उंबऱ्याबाहेर बसून रडले. अक्कांनी मला रडू दिलं. वडे मात्र जळू दिले नाहीत.

संध्याकाळी यांनी आलेखावर एकशे तीन-आठ आणि एकशे एक असे दोन ठिपके काढले, रेघेने जोडले. त्यांच्या ऑफिसात असतो तसा शेऱ्याचा रकाना कागदावर होता. तिथे त्यांनी एकच शब्द लिहिला: अक्का.

ओल्या फडक्याने अंग पुसणं आमच्या घरात त्यानंतरही कुणी मान्य केलं नाही. ज्वर आत शिरतो, हे अक्का शेवटपर्यंत म्हणत राहिल्या. तेवीस दिवसांनी सकाळी गुंडो लाल डोळ्यांनी उठला, डुलत डुलत उंबऱ्यापर्यंत गेला आणि त्याने दोन्ही हात वर केले. अक्का चुलीपुढे होत्या. त्यांनी त्याच्याकडे बघितलं, अंगावरच्या लुगड्याचं टोक चाचपलं. ते वाळत आलं होतं.

"स्वल्प थांब," त्या म्हणाल्या, आणि उठून न्हाणीत गेल्या. मी बाहेरून ऐकलं, त्यांनी अंगावर बादली ओतून घेतली.